विमान शिकवणारा पारखताना : तासाचा दर आणि त्यापलीकडचा हिशेब

वैमानिक होण्याची इच्छा असलेल्या मुलामुलींचे पालक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यालयात शिरले की पहिला प्रश्न विचारतात तो दराचा : तासाला किती? प्रश्न स्वाभाविकच आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी लाखांच्या घरात रक्कम मोजावी लागते आणि मध्यमवर्गीय कुटुंबाला त्यासाठी घर वा शेत तारण ठेवण्याची वेळ येते. मात्र, तासाच्या दराला दोनशेने गुणून आलेला आकडा हा शेवटचा खर्च समजणे ही या क्षेत्रातील सर्वांत महागडी समजूत आहे. उड्डाणाचा तास विमानात मोजला जात असला तरी त्या तासात विद्यार्थ्याच्या पदरात काय पडणार, हे शेजारच्या आसनावर बसलेल्या प्रशिक्षकावर ठरते. नेमका त्याच्याविषयीच चौकशी सर्वांत कमी होते.

भारतात एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. मोटार शिकण्यासाठी ओळखीचा एखादा चालक गाठावा, तसा विमान शिकवणारा प्रशिक्षक स्वतंत्रपणे गाठता येत नाही. परवान्यासाठी ग्राह्य धरले जाणारे प्रशिक्षण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच 'डीजीसीए'ने मान्यता दिलेल्या संस्थेतच घ्यावे लागते आणि प्रशिक्षक त्या संस्थेचाच असतो. त्यामुळे प्रशिक्षकाची निवड ही संस्थेच्या निवडीतूनच करावी लागते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. तीत नाव नसलेल्या संस्थेशी, तिची जाहिरात कितीही देखणी असो, बोलणेच करू नये. मान्यतेची मुदत संपलेली तर नाही ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

महाराष्ट्राला या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. जुहू येथे १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि तेथेच उड्डाण शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. पुढे मुंबईच्या आकाशातील वर्दळ वाढत गेली आणि क्लबचे प्रशिक्षण धुळ्याच्या धावपट्टीकडे वळले. बारामती, गोंदियाजवळील बिरसी आणि शिरपूर ही नावेही आज वैमानिक प्रशिक्षणाशी जोडली गेली आहेत. देशपातळीवर उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी ही सरकारी संस्था परिचित आहे; तिच्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

दोनशे तासांचे स्वरूप

नियमानुसार व्यावसायिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि किमान २०० तासांचे उड्डाण नोंदलेले असावे लागते. (खासगी परवाना १७व्या वर्षी मिळू शकतो व त्याला ४० तास पुरतात, विद्यार्थी परवान्यासाठी १६ वर्षे.) या २०० पैकी किमान १०० तास विद्यार्थ्याने स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून उडवलेले असले पाहिजेत. त्यात एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची किमान २० तासांची उड्डाणे हवीत आणि त्यांपैकी एक ३०० सागरी मैलांचे, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून केलेले. रात्रीचे ५ तास, उपकरणांच्या आधारे केलेल्या उड्डाणाचे १० तास असा पुढचा तपशील आहे. विमान कंपनीत जायचे तर बहुइंजिनी विमानाची व उपकरण-उड्डाणाची पात्रताही लागते आणि तिचे तास, तिचा दर वेगळा असतो.

यावरून लक्षात येईल की, ढोबळमानाने निम्मे तास प्रशिक्षकासोबत आणि निम्मे त्याच्याशिवाय होतात. पण त्याच्याशिवाय झालेल्या तासांवरही त्याचीच छाया असते. आज वाऱ्याची दिशा पाहता एकट्याने सोडावे की नाही, परतीचा मार्ग नीट आखला आहे की नाही, इंधनाचा हिशेब बरोबर आहे का, हे तोच जमिनीवर उभा राहून ठरवत असतो. विद्यार्थी एकटा हवेत असताना प्रशिक्षक कोठे असतो, रेडिओजवळ की चहाच्या टपरीवर, एवढी एक गोष्ट पाहिली तरी त्या संस्थेबद्दल पुष्कळ कळते.

स्वस्त दराची किंमत

आता दराकडे वळू. समजा, एका संस्थेचा दर तासाला १४ हजार रुपये आहे आणि दुसरीचा १६ हजार ५००. पहिली साहजिकच स्वस्त वाटते. मात्र, तिच्याकडे विमानांच्या मानाने विद्यार्थी जास्त असल्याने उड्डाणे महिनोन्‌महिने रखडतात. दोन उड्डाणांमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला की उतरण्याचा हात बिघडतो, तीच कसरत पुन्हा करावी लागते आणि अशा फेरउजळणीचे ३० तास वाढतात. २३० तासांचे झाले ३२ लाख २० हजार. प्रशिक्षण ३० महिने चालले आणि राहण्या-जेवण्याला महिना २० हजार धरले तर आणखी ६ लाख. एकूण ३८ लाख २० हजार. दुसऱ्या संस्थेत २०५ तासांत आणि १४ महिन्यांत काम झाले, तर उड्डाणाचे ३३ लाख ८२ हजार ५०० व राहण्याचे २ लाख ८० हजार, म्हणजे ३६ लाख ६२ हजार ५००. दर अडीच हजारांनी जास्त असूनही दुसरी संस्था दीड लाखाहून अधिक स्वस्त पडली. शिवाय सव्वा वर्षाहून अधिक काळ वाचला तो निराळाच. विमान कंपन्यांमधील सेवाज्येष्ठता आणि कर्जावरचे व्याज यांचा विचार केला तर त्याचे मोल आणखी मोठे आहे. आकडे मानलेले असले तरी गणिताची रीत सर्वत्र हीच.

म्हणून दराआधी विचारायचा प्रश्न असा की, उडण्याजोगी विमाने किती आणि विद्यार्थी किती? विमानतळावर उभी असलेली सर्व विमाने उडतातच असे नाही. एखादे इंजिन दुरुस्तीची वाट पाहत महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली असते. पाच विमाने दिवसाला प्रत्येकी चार तास, महिन्याचे वीस दिवस उडाली, तर महिन्याचे ४०० तास होतात. विद्यार्थी ८० असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिना पाच तास. दोनशे तासांना चाळीस महिने. विद्यार्थी ३० असतील, तर तेच काम पंधरा महिन्यांत आटोपते. हे गणित पालकांनी तेथेच, संस्थाचालकांच्या समोर बसून करावे. उत्तर देताना कोण चाचरतो, तेही समजते.

ऋतूंचाही हिशेब असतो. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग आणि पाऊस उड्डाणे रोखतात, तर उत्तरेत हिवाळ्यातील धुके सकाळ खाऊन टाकते. पावसाळ्याच्या तोंडावर प्रवेश घेऊन पूर्ण शुल्क भरणाऱ्याला पहिले चार महिने वसतिगृहाचे भाडे भरण्यातच घालवावे लागू शकतात. अर्थात हवाई मार्गक्रमण, हवामानशास्त्र, हवाई नियम व तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा याच काळात उरकता आल्या तर तो सत्कारणी लागतो. ७० टक्के गुणांची अट असलेल्या या परीक्षा उड्डाणाआधी झालेल्या असतील तर विमानातला तासही जास्त फळतो, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात.

दरपत्रक हाती आले की त्यात काय धरले आहे आणि काय वगळले आहे, हे ओळीओळीने तपासावे. इंधनाचे भाव वाढले तर दर वाढणार का, उतरण्याचे शुल्क, परीक्षा-उड्डाणाचा खर्च, गणवेश, जमिनीवरील वर्ग, सिम्युलेटरचा तास, रात्रीच्या उड्डाणाचा अधिभार हे सर्व एकूण रकमेत आहे की नंतर येणार? तास मोजण्याची पद्धतही विचारावी. चाकांमागचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा काळ उड्डाणतास म्हणून नोंदला जातो. प्रवासी विमानांची गर्दी असलेल्या विमानतळावर छोट्या विमानाला धावपट्टीच्या तोंडाशी पंधरा-वीस मिनिटे ताटकळावे लागले, तर त्या वेळेचेही पैसे विद्यार्थ्याच्याच खिशातून जातात. दुसऱ्या बाजूने, गर्दीच्या विमानतळावर नियंत्रकाशी रेडिओवर बोलण्याचा जो सराव होतो तो निवांत धावपट्टीवर होत नाही. दोन्हींचा मेळ घालणारी संस्था उत्तम.

करांबाबत एक महत्त्वाची बाब अनेकांना ठाऊक नसते. मान्यताप्राप्त संस्थांच्या महासंचालनालय-मान्य उड्डाण अभ्यासक्रमांना वस्तू व सेवा करातून सूट असल्याचे स्पष्टीकरण देण्याचा निर्णय सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या बैठकीत झाला. तेव्हा दरपत्रकात १८ टक्के कराची ओळ दिसली, तर ती नेमकी कशावर लावली आहे, हे लेखी मागावे. तीस लाखांवर हा फरक ५ लाख ४० हजारांचा होतो.

आसनावरचा माणूस

प्रशिक्षकांच्याही पायऱ्या असतात. सहायक उड्डाण प्रशिक्षक हा बहुधा नुकताच परवाना मिळवलेला तरुण असतो आणि तो ज्येष्ठांच्या देखरेखीखाली शिकवतो. त्याच्यावर पूर्ण पात्रतेचा उड्डाण प्रशिक्षक, आणि सर्वांवर मुख्य उड्डाण प्रशिक्षक. पूर्वी संस्थेतील उड्डाणांना मंजुरी देण्याचा अधिकार मुख्य वा उपमुख्य प्रशिक्षकापुरताच होता. तो आजारी वा रजेवर असला की विमाने जमिनीवर बसत. २०२१ मध्ये हा अधिकार इतर उड्डाण प्रशिक्षकांनाही देण्यात आला. त्यामुळे खोळंबा कमी होण्यास वाव मिळाला, पण मंजुरी देणारा कोण आहे, हे पाहण्याची गरजही वाढली.

तरुण सहायक प्रशिक्षक म्हणजे वाईट, असे मुळीच नाही. आपण काय चुकत होतो, याची आठवण त्याला ताजी असते, आणि असा प्रशिक्षक कित्येकदा निवृत्तीनंतर या व्यवसायात आलेल्या हजारो तासांच्या वैमानिकापेक्षा चांगला शिकवतो. प्रवासी विमान उडवण्याचे कौशल्य आणि शिकवण्याचे कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडचण असते ती तो किती काळ टिकणार याची. बऱ्याच तरुणांच्या दृष्टीने प्रशिक्षकाची नोकरी ही विमान कंपनीच्या वाटेवरची पायरी असते आणि बोलावणे आले की तो आठवड्याभरात जातो. विद्यार्थ्याच्या हाती नवा प्रशिक्षक येतो, तो 'आधी मला बघू दे' म्हणून जुनेच धडे पुन्हा घेतो आणि मीटर फिरत राहते. गेल्या वर्षभरात किती प्रशिक्षक आले व गेले, हा प्रश्न म्हणूनच दराच्या प्रश्नाइतका आर्थिक आहे.

चांगला प्रशिक्षक ओळखण्याची जागा विमानात नसून जमिनीवर आहे. उड्डाणापूर्वी तो फळ्यासमोर वा निदान कागदावर आज काय करायचे, का करायचे आणि कोठे थांबायचे हे सांगतो. उतरल्यावर पुढच्या विद्यार्थ्याकडे धावत न सुटता दहा मिनिटे बसतो, काय साधले आणि काय राहिले हे बोलतो आणि ते प्रगतिपुस्तकात लिहितो. ज्या संस्थेत प्रगतिपुस्तकातील शेरे महिनाअखेरीस एकाच पेनाने, एकाच वाक्यात लिहिलेले आढळतात, तेथे शिकवणे नावालाच चालते, असे समजण्यास हरकत नाही.

विमानात त्याची परीक्षा हातांवरून होते. कच्चा प्रशिक्षक विद्यार्थ्याबरोबर दांडा धरूनच ठेवतो. विमान सुंदर उतरते, विद्यार्थ्याला वाटते आपणच उतरवले, आणि हा भ्रम एकट्याने जाण्याच्या दिवसापर्यंत टिकतो. पक्का प्रशिक्षक हात मांडीवर ठेवून चूक घडू देतो, ती धोक्याच्या अलीकडे असेतो बोलून सुधारतो आणि वेळ आली तर स्वच्छ शब्दांत नियंत्रण आपल्याकडे घेतो. त्या क्षणी विमान कोणाच्या हाती आहे, याबद्दल दोघांच्या मनात तिळमात्र संदेह राहता कामा नये. दोघेही दुसऱ्याच्या भरवशावर राहिल्याने झालेल्या अपघातांची उदाहरणे जगभर आहेत.

ओरडणाऱ्या प्रशिक्षकांविषयी आपल्याकडे एक विचित्र आदर आढळतो. 'सर फार कडक आहेत' हे कौतुकाने सांगितले जाते. पण ओरड्याला घाबरलेला विद्यार्थी कळले नाही तरी 'येस सर' म्हणतो, आणि न कळलेली गोष्ट पुढे एकटे असताना हवेत डोके वर काढते. शिस्त हवीच, ती तपासयादी दर वेळी पूर्ण वाचण्यात, इंधनाची टाकी स्वतः उघडून पाहण्यात आणि वारा मर्यादेबाहेर असेल तर रांगेत दहा विद्यार्थी उभे असतानाही उड्डाण रद्द करण्यात दिसते. तसेच पहिल्या एकल उड्डाणाचे. ते अमुक तासांत झालेच पाहिजे, असा आग्रह ना पालकांनी धरावा ना संस्थेने. कोणी बारा तासांत तयार होतो, कोणाला पंचवीस लागतात. मात्र तीस-पस्तीस तास होऊनही निर्णय लांबत असेल, तर दुसऱ्या ज्येष्ठ प्रशिक्षकाकडून तपासणी-उड्डाण मागण्याचा विद्यार्थ्याने संकोच करू नये. दोष शिकणाऱ्यात आहे, शिकवणाऱ्यात आहे की केवळ जोडी जमलेली नाही, हे त्यातून कळते. प्रशिक्षक बदलून मागण्याची सोय आहे का, हे प्रवेशाआधीच विचारलेले बरे.

कागदावरचे तास

या क्षेत्रातील सर्वांत घातक सवलत म्हणजे न उडता मिळणारे तास. वैमानिकांच्या जगात अशा तासांना थट्टेने पार्कर पेनचे नाव दिले जाते. विमानाऐवजी पेनाने उडवलेले ते तास. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिका आणि खोट्या उड्डाण-नोंदींची प्रकरणे उघडकीस आली, काही वैमानिकांना अटक झाली आणि महासंचालनालयाने देशभरातील फ्लाइंग क्लबांची झाडाझडती घेतली. त्यानंतर नोंदी संगणकीय झाल्या आणि तपासणीचे मार्ग वाढले. 'थोडे तास आम्ही सांभाळून घेऊ' असे सुचवणारा प्रशिक्षक पैसे वाचवत नसतो. पकडले गेल्यास परवाना जातो आणि न पकडले गेल्यास त्याहून वाईट घडू शकते.

सुरक्षेची पार्श्वभूमी तपासणे आता पूर्वीपेक्षा सोपे आहे. विमान अपघात अन्वेषण विभागाचे अंतिम अहवाल सर्वांना वाचता येतात आणि प्रशिक्षण विमानांच्या अपघातांचे अहवाल तर इच्छुकांनी आवर्जून वाचावेत. देखभाल, देखरेख आणि प्रशिक्षकाचे निर्णय यांचा त्यांत जो ऊहापोह असतो तो कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन विमाने आठवड्याच्या आत कोसळली आणि महासंचालनालयाने त्या संस्थेचे प्रशिक्षण तात्पुरते थांबवले. अशा वेळी भरलेल्या शुल्काचे आणि अडकलेल्या विद्यार्थ्यांचे काय, हा प्रश्न करारात आधीच सुटलेला असावा लागतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून महासंचालनालयाने प्रशिक्षण संस्थांची वर्षातून दोनदा श्रेणी जाहीर करण्याची पद्धत सुरू केली. पहिल्या यादीत सर्वोच्च दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही, ही बाब पुरेशी बोलकी आहे. श्रेणी पाहावी, तथापि ती संस्थेची असते. तुमच्या वाट्याला येणाऱ्या प्रशिक्षकाची नव्हे.

सातासमुद्रापलीकडे

अमेरिकेत चित्र वेगळे आहे. तेथे प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक स्वतंत्रपणेही शिकवू शकतो, विमानाचे भाडे आणि प्रशिक्षकाचा मोबदला वेगळा मोजला जातो आणि पैसे भरण्यापूर्वी एक परिचय-उड्डाण करून माणूस पारखण्याची मुभा असते. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र खरे आहे का, हे तेथील विमानवाहतूक प्रशासनाच्या नोंदींत पाहता येते. दोन वर्षांत किमान दहा उमेदवार परीक्षेला पाठवून त्यांतील ८० टक्के पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण करणाऱ्या प्रशिक्षकाला सोनेरी मोहोर असलेले प्रमाणपत्र मिळू शकते. 'तुमचे किती विद्यार्थी पहिल्या खेपेला उत्तीर्ण झाले?' हा प्रश्न भारतातही विचारायला काहीच हरकत नाही.

मात्र भारतातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे स्वातंत्र्य पूर्णतः मिळत नाही. विद्यार्थी व्हिसासाठी लागणारी कागदपत्रे केवळ मान्यताप्राप्त संस्थाच देऊ शकते, आणि उड्डाण सुरू करण्यापूर्वी तेथील सुरक्षा यंत्रणेची परवानगीही घ्यावी लागते. प्रशिक्षक सोडून जाण्याची व्याधी तेथेही आहे. २००९ मधील बफेलोजवळच्या विमान अपघातानंतर २०१३ पासून प्रवासी कंपन्यांच्या सहवैमानिकांसाठी सर्वसाधारणपणे १,५०० तासांची अट लागू झाली. हे तास जमवण्यासाठी तरुण वैमानिक प्रशिक्षक होतात आणि आकडा पूर्ण होताच निघून जातात. परतल्यावर परवाना भारतीय करून घेण्याचा खर्च व कालावधीही आधीच धरावा, अन्यथा डॉलरमधील स्वस्त दर रुपयांत महाग पडतो.

पैसे भरण्यापूर्वी

भारतात असो वा बाहेर, संपूर्ण शुल्क एकरकमी भरण्यासाठी दिलेली सवलत कितीही मोहक वाटली तरी टाळावी. उडालेल्या तासांनुसार वा टप्प्याटप्प्याने हप्ते, मध्येच सोडल्यास परताव्याचा लेखी नियम, ठरावीक मुदतीत तास न झाल्यास संस्थेवर येणारी जबाबदारी, हे करारात असावे. विमान कंपनीत नोकरीची हमी देणाऱ्याकडे ती हमी त्या कंपनीच्या पत्रासह मागावी. वैद्यकीय तपासणी मात्र या सगळ्याच्या आधी. दृष्टी वा अन्य कारणाने अपात्र ठरल्याचे अर्धे पैसे भरल्यावर कळलेले विद्यार्थी थोडे नाहीत.

आणि संस्थेला भेट द्यायची तर दुपारी कार्यालयात नव्हे, पहाटे धावपट्टीवर. लहान विमानांची उड्डाणे बहुधा सकाळच्या शांत हवेत होतात. साडेसहाला किती विमाने प्रत्यक्ष बाहेर काढली जातात, विद्यार्थी फलकावर आपले नाव शोधत आहेत की विमानाभोवती फिरून तपासणी करत आहेत, हे तासाभरात दिसते. दीडशे तास झालेल्या विद्यार्थ्यांशी संस्थाचालकांच्या अपरोक्ष बोलावे. त्यांना मागच्या महिन्यात किती तास मिळाले एवढेच विचारावे आणि जमल्यास नोंदवहीचे शेवटचे पान पाहावे.